तीन सूत बाहेर

सोमवार, ७ नोव्हेंबर २०२२. वीटकामाच्या मजुरीचा ठराव शहात्तर हजार रुपये, सामान माझं. हजर: मी, माझी बायको सुनंदा आणि याकोब मिस्त्री. अमरावतीतल्या आमच्या घरावर एक खोली, एक न्हाणी आणि गच्चीचा कठडा बांधायचा होता. प्लास्टर आणि फरशी नंतर दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरलं होतं. मी ठराव वहीत लिहिला आणि सहीसाठी वही मिस्त्रींपुढे सरकवली. त्यांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. आधी दोन अटी लिहायला लावल्या.

"एक, इतवारी काम नाई. दोन, ओळंबा कोणीबी, कव्हाबी लावून पाहावा. भित बाहेर गेली असन तर पैसे कापाचे."

"किती बाहेर गेली तर?"

"दोन सूत माफ. तिसरं सूत कापाचं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझी पंचवीस वर्षं सरकारी खात्यात लोकांचे हिशेब तपासण्यात गेली आहेत. स्वतःच्या विरुद्ध अट घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी ती तशीच लिहून घेतली. मिस्त्री गेल्यावर सुनंदा म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला तुमच्यासारखा भेटला. आता माझं कसं व्हायचं?"

मिस्त्री तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. बुटका, सुकलेला बांधा, डोक्यावर बारा महिने विटकरी रंगाची लोकरी टोपी. चष्मा गळ्यात, आणि तो ज्या दोरीला बांधलेला तसलीच दोरी त्यांच्या ओळंब्याला. चांदूर बाजारच्या रस्त्यावर एका खेड्यात त्यांचं घर होतं. त्या वस्तीत तीस-बत्तीस ख्रिस्ती घरं आणि विटांच्या भिंतींचं, टिनाच्या छताचं एक चर्च. ते चर्चही त्यांनीच बांधलेलं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोनदा सांगितलं. दुसरी कुठलीही बढाई त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

सकाळी आठला ते सायकलवरून येत. चहा घेण्याआधी कालच्या कामाला ओळंबा लावत. लाकडी ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि पितळी लोळा खाली सोडायचा. लोळा हलायचा थांबला की चष्मा लावून बघायचं. जेमतेम भिंतीला लागला तर भिंत उभी. भिंतीपासून सुटला तर माथा पुढे झुकलेला, भिंतीवर रेलला तर मागे गेलेला. त्यांच्या हाताखाली एक नवा कारागीर होता, पण मिस्त्री आधी स्वतः रचलेली भिंत तपासत आणि मग त्याची. एकदा मी विचारलं की उलट का नाही करत, चूक तर नव्या माणसाकडून जास्त होईल. ते म्हणाले, "पहिले त्याची पाहिली तर माही पाहाची आठोनच राहत नाई, सायेब."

बोलताना त्यांना कुणी चढवून सांगितलेलं चालत नसे. माझ्या शेजाऱ्याने एकदा भिंतीकडे बघून "एकदम परफेक्ट" म्हटलं. मिस्त्रींनी विचारलं, "कशानं पाहिली?" शेजारी म्हणाला, डोळ्यांनी. "मंग सुंदर म्हना," मिस्त्री म्हणाले. "परफेक्ट नका म्हनू."

त्यांना हिब्रू येत होतं, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. 'येत होतं' हा माझा शब्द. त्यांचा हिशेब असा: "चाळीसएक शब्द येतात. त्यातले तीस मिस्त्रीकामाचे." विशीत असताना ते अकोल्यात मार्थाबाई नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी फरशी बसवायला गेले होते. बाई एकट्या राहत, घरात चालायला जागा नाही इतकी पुस्तकं. म्हातारपणी पोस्टाने पुस्तकं मागवून त्या हिब्रू शिकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "याकोब, ओळंबा पाडायच्या कामालाही लावतात का रे?"

"बाई, पाडाच्या कामाले तर पहिले लावतात," मिस्त्री म्हणाले. "कोणती भित ठेवाची, कोणती पाडाची, थे नुसतं पाहून कोन सांगन?"

बाई तिथेच फरशीच्या चवडीवर बसल्या. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात एका ओसाड पडणाऱ्या देशावर देव दोरी आणि ओळंबा धरतो असं आहे. बांधायचं नाही, तर ओळंबा कशाला, या प्रश्नावर त्या कितीतरी वर्षं अडल्या होत्या. पुढे चार वर्षं, जमेल त्या इतवारी उपासना आटोपली की मिस्त्री अकोल्याला जात. बाई हिब्रू वाचत, अर्थ सांगत, आणि भिंत, वीट, चुना, पाया आला की यांना विचारत.

आमोस नावाच्या संदेष्ट्याला देव ओळंबा हातात घेऊन भिंतीपाशी उभा दिसतो. ती गोष्ट मिस्त्रींनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा शेवटी न चुकता जोडलं, "पन बाई म्हनत, तो शब्द पुऱ्या पुस्तकात त्याच जाग्यावर येते. कोनी ओळंबा म्हनते, कोनी कथील. पक्कं कोनालेच मालूम नाई." ज्या गोष्टीवर त्यांचा सगळा जीव, तिच्यातली शंकाही ते लपवत नसत. माझ्या धंद्यात या गुणाला फार किंमत आहे.

त्यांची आवडती गोष्टही आमोसचीच. लोक देवाच्या न्यायाच्या दिवसाची वाट बघत बसले होते. तो दिवस आला की शेजारच्या राज्यांची खोड मोडेल आणि आपलं भलं होईल, असं त्यांना वाटे. आमोस म्हणाला, तो दिवस तुम्हालाच अंधाराचा आहे. माणूस सिंहापासून पळाला, पुढे अस्वल भेटलं. अस्वलापासून वाचून घरात शिरला, दम खायला भिंतीला हात टेकवला, तर भिंतीतून साप चावला. एवढं सांगून मिस्त्री थांबत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "मिस्त्रीनं सांदी भरल्या असत्या तर साप कुठून आला असता?"

सुनंदा यावर दर वेळी हसायची. मी पहिल्या वेळी हसलो नाही. मला ते बरोबर वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस त्यांचे जावई रूबेन आमच्या बांधकामावर आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, इस्तरीचे कपडे, खांद्यावर कापडाची लांब गुंडाळी. ते अकोल्याला राहून गावोगाव प्रवचनं करत. नाताळच्या आठवड्यात सासऱ्यांच्या चर्चमध्ये तीन दिवसांची सभा होती. तिच्यासाठी त्यांनी रंगवून घेतलेला शेवटच्या काळाचा नकाशा ते मामाजींना दाखवायला आले होते. सुनंदाने चहा दिला. रूबेननी गच्चीवर विटांच्या ढिगावर तो पडदा उलगडला. चांगला नऊ फुटांचा होता. त्यावर सात डोक्यांचं श्वापद, माणसाच्या तोंडाचे टोळ, विळा घेतलेला देवदूत, लाल चंद्र, गारा, आणि उजव्या टोकाला आगीचं तळं. तळ्यात माणसं होती. मी मोजली. चौदा.

रूबेन माणूस वाईट नव्हते. ते माझ्याकडे वळून खरोखरीच्या काळजीने म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. तुम्ही इतके सज्जन आहात, पण त्या दिवशी सज्जनपणा कामी येणार नाही. तुमच्या कुटुंबासाठी मी रोज प्रार्थना करतो."

आमचं घर आजोबांपासून बौद्ध. न्यायाचा शेवटचा दिवस, सिंहासन, असं काही आमच्यात नाही. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

"त्याईच्या घरचा चहा पेऊन त्याईलेच जाळून राहिले तुमी, जवाईबापू?"

"मामाजी, मी नाही म्हणत. पुस्तकात आहे. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात."

"हाय ना. मंग सांगा, हे टोळ कुठचे?"

"तिथलेच. शेवटच्या पुस्तकातले."

"योएलचे," मिस्त्री म्हणाले आणि उठून पडद्याशी गेले. पुढची दहा मिनिटं ते सामान उतरवून घेणाऱ्या स्टोअरकीपरसारखं एकेका चित्रावर बोट ठेवून ते कुठल्या जुन्या संदेष्ट्याकडून आलं ते सांगत गेले. विळा योएलचा. द्राक्षं तुडवायचा कुंड योएलचा आणि यशयाचा. चंद्राचं रक्तही योएलचं. कागदासारखं गुंडाळलं जाणारं आभाळ यशयाचं. चार रंगांचे घोडे जखऱ्याचे. समुद्रातून निघणारी श्वापदं दानीएलची, आणि सिंहासनापुढे उघडलेल्या वह्याही त्याच्याच. तिथे थांबून ते मला म्हणाले, "तुमचं खातं तिथंबी हाय, सायेब," आणि परत वळले. "गारा यहेज्केलच्या, मोजाची काठीबी त्याचीच. हे शेवटचं पुस्तक लिवनाऱ्या योहानानं नवीन सामान आनलंच नाई. सगळं जुन्या घराचं काढून वापरलं. त्यात वाईट काई नाई, चांगली वीट दोनदा लागते. पन मले एक सांगा. त्या जुन्या लोकाईनं हे सारं कोनाले बोललं होतं?"

"पाप्यांना."

"कुठच्या?"

रूबेन पडद्याची दुमडलेली कड सरळ करू लागले.

"शेजारच्या राज्याइलेबी बोलले, नाई म्हनत नाई. पन तिथं थांबले नाई. शेवटी बोट आपल्याच घराकडं. आपल्याच देवळात, आपल्याच लोकाईले. म्हनून तर मार खाल्ला त्याईनं. तुमच्या पडद्यावर पाहा, आपल्या वस्तीतला एक तरी मानूस हाय का त्या तळ्यात?"

रूबेन पडदा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सभेत तो पश्चिमेच्या भिंतीवर लावायचा आहे, मामाजी. तेवढीच मोठी आहे. त्याच्या आधी चुना मारून घ्या." मिस्त्री "हो" म्हणाले. त्या 'हो'चा आवाज मला जरा वेगळा वाटला, पण मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबरला आमचं काम संपलं. मी वही काढली, उरलेले पैसे मोजून ठेवले. मिस्त्री म्हणाले, थांबा, आणि ओळंबा घेऊन न्हाणीत गेले. आतल्या कोपऱ्यातली भिंत त्यांनी स्वतः रचलेली होती, आणि टिनं चढवायच्या घाईत तिला ओळंबा लावायचा राहिला होता. लोळा सुटलेला होता. त्यांनी माझ्याकडून पट्टीने मापून घेतलं. तीन सूत.

"टिनं चढली, नाईतर पाडून देल्ली असती," ते म्हणाले. "दोन दिवसाची मजुरी कापा. अठराशे."

मी नको म्हणालो. ते ऐकेनात. शेवटी मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो, "मिस्त्री, तीन सुतांचं काय एवढं? प्लास्टर होणारच आहे. झाकून जाईल."

ते ओळंब्याची दोरी बोटांवर गुंडाळत राहिले. पूर्ण गुंडाळून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली. सुनंदाने मला कोपर मारलं. मग त्यांनी अठराशे रुपये माझ्याकडे सरकवले, बाकीचे खिशात घातले आणि विचारलं, "उद्या सुट्टी हाय ना तुमाले? टेप घेऊन माह्या संगं येता का?"

शनिवारी मी त्यांच्या वस्तीत गेलो. चर्च नीटनेटकं होतं, आतून निळसर चुन्याचं. पश्चिमेची भिंत तीस फूट लांब, दहा फूट उंच. तिला खिडकीपासून खालपर्यंत एक भरलेली चीर होती, बोटाएवढी रुंद. वर्षानुवर्षं भरल्यामुळे ती वेलीसारखी जाड दिसत होती. मिस्त्री शिडीवर चढले, बाहेरून ओळंबा सोडला. मी खाली पट्टी धरली. एका टोकाला एक इंच, मधे दोन इंच. मग त्यांनी कुदळ घेतली आणि भिंतीलगत खड्डा घेतला. सव्वादोन फुटांवर पायाचे दगड संपले. खाली काळी माती.

वऱ्हाडात घर बांधणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्याखालच्या मुरमात जायला हवा. बाकीच्या तीन भिंतींचा पाया पाच फुटांवर मुरमात होता.

"लिवा," ते म्हणाले. मी लिहिलं. मग त्यांनी सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. ते नव्या चर्चमध्येच लावायचं अशी त्यांची जिद्द होती. पत्रिका छापून झाल्या. तीन भिंतींचा पाया भरला आणि पाऊस लांबला. पश्चिमेचा चर पाण्याने भरला, कडा ढासळल्या. पाणी उपसून, पुन्हा खोदून भरायला पंधरा दिवस लागले असते. त्यांनी सव्वादोन फुटांवर दगड बसवले. रात्रीतून नाही, दिवसाढवळ्या. पण त्याचा अर्थ कळणारा तिथे दुसरा मिस्त्री नव्हता. लग्न ठरल्या दिवशी झालं. पुढच्या उन्हाळ्यात चीर पडली. तेव्हापासून दर डिसेंबरात ते चीर भरत, वर चुना मारत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, काळ्या मातीत असं होतंच.

"खोटं नाई बोललो," ते म्हणाले. "मातीनंच होते. पन मातीत कोनं ठेवली?"

मी विचारलं की आता काय करणार. त्यांनी भिंतीच्या आतल्या बाजूकडे बोट केलं. तिथे सतरंजीच्या घड्या आणि पाट्या होत्या. "इथं संडे स्कूलची पोरं बसतात. भितीले टेकून."

रविवारी मी पुन्हा गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मोजमाप माझ्या वहीत होतं, लागलं तर असावं, असं स्वतःला सांगत मी दारापाशी उभा राहिलो. उपासना संपता संपता मिस्त्री उठले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळातले म्हणून ते पहिल्या बाकावर बसत. त्यांनी चर्चच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि भिंतीचं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मग म्हणाले, "यहेज्केलानं सांगितलं हाय, कोनी कच्ची भित उभी करते आन् दुसरे तिले चुना फासतात, गारा येतील, भित पडन, पाया उघडा होईन. मी लहानपनापासून समजत होतो का हे खोट्या संदेष्ट्याइले बोललं. हे मिस्त्रीलेच बोललं हाय. भित मीच बांधली आन् चुनाबी मीच फासला."

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "मंग आमी एकवीस वर्स तुह्या भरोशावर इथं बसलो काय रे याकोब?"

"व्हय, मावशी."

माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. एकाने एवढंच सुचवलं की नाताळ होऊन जाऊ द्या, मग पाहू. मिस्त्री म्हणाले, "पाहा मंग. पन आजपासून पोराईले तिकडं बसवू नका." दोन बायकांनी उठून मुलांना पूर्वेच्या बाजूला नेलं. त्यात रूबेनचा मुलगाही होता.

रूबेन पश्चिमेच्या भिंतीशी उभे होते. पडद्यासाठी ठोकलेल्या खिळ्यांपैकी एक त्यांच्या हाताशी होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, एवढ्या वर्षांत मला तरी सांगायचं होतं."

"कसं सांगू? तुमचंच लगन होतं, जवाईबापू."

सभा त्या वर्षी मांडवात झाली. पडदा लावला नाही असं मी ऐकलं. का नाही लावला, ते मी विचारलं नाही.

मिस्त्रींना मी शेवटचं पाहिलं ते जानेवारीत. ऑफिसच्या कामाने चांदूर बाजारला गेलो होतो, येताना त्यांच्या खेड्यात उतरलो. चर्चच्या छताला बल्ल्यांचा टेका दिलेला, पश्चिमेची बाजू उघडी. जुन्या विटा साफ करून एका बाजूला रचल्या होत्या, रूबेन बाह्या सरसावून त्यांचा चुना खरवडत होते. ती बोलणारी मावशी खाटेवर बसून कामावर देखरेख करत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "लागला काय मुरूम?" मिस्त्री चरात होते. वरून फक्त विटकरी टोपी दिसत होती.

मी काठावर गेलो. टोपी वर झाली. "सायेब, बरे आले. टेप सोडा."

मी सोडला. त्यांनी खालून टोक धरलं. मी वाचलं, "पाच फूट दोन इंच."

"कशावर हाय?"

"तुम्हीच सांगा, खाली तुम्ही आहात."

त्यांनी पायाखालचं मूठभर उचललं आणि हात वर केला. पिवळट, खरबरीत मुरूम होता. "मावशे," ते ओरडले, "लागला." म्हातारी म्हणाली, "दाखव." त्यांनी मूठ तशीच तिच्याकडे वळवली. ती खाटेवरून उठून काठाशी आली, हातात घेऊन तिने तो चोळून पाहिला, आणि मगच परत जाऊन बसली.

पुढच्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. झोपेतच गेले. भिंत तोवर बांधून झाली होती. महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो. ते अठराशे रुपये मी पाकिटात वेगळे ठेवले होते, ते त्यांच्या बायकोपुढे, रिबकाबाईंपुढे ठेवले. त्यांनी कशाचे म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"त्याईनं सोताच कापले ना?"

"हो. पण तीन सूत म्हणजे काहीच नाही, बाई."

त्यांनी पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "मंग मी कशी घेऊ? भित तर अजून तशीच असन."

भिंत तशीच आहे. तिच्यावर आता प्लास्टर आहे, पांढऱ्या फरश्या आहेत, आणि सुनंदा म्हणते की कुणाला कळणार नाही. माझ्या वहीत त्या कामाची शेवटची नोंद अशी आहे: ठराव शहात्तर हजार. दिले चौऱ्याहत्तर हजार दोनशे, याकोब मिस्त्री यांना. कापले अठराशे, न्हाणीची भिंत तीन सूत बाहेर म्हणून. कापणारे, याकोब मिस्त्री.